शेजारचं टेबल

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पेडी गावातल्या बऱ्याच घरांसारखं दुशांकाचं घरही टेकडीच्या पोटात कोरलेलं होतं. बाहेर पत्रे तापून चटके द्यायचे, आत मात्र बारा महिने गारवा. तिची कामाची खोली एवढीशी, की अरुंद टेबल आणि खुर्ची मांडली की संपली. पाण्याच्या नळांचे लांबलचक नकाशे काढायचं तिचं काम. त्याला एक पडदा पुरत नव्हता आणि दुसरा ठेवायला जागा नव्हती. म्हणून अ‍ॅडलेडच्या ऑफिसने तिला डोक्यावर चढवायचा हेडसेट पाठवला. तो लावला की भिंती नाहीशा व्हायच्या आणि समोर दारांएवढे मोठाले पडदे उभे राहायचे.

"घोड्याला तोबरा बांधल्यासारखी दिसतेस," तिचे वडील राडोमिर म्हणायचे. म्हाताऱ्याने जन्मभर खाणीत ओपलची रत्नं खणली होती. "चणे तरी घातलेत का त्यात?"

"ताता, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग त्यांनाही विचार."

हेडसेटच्या आत ऑफिसची एक सामाईक खोली होती. बाकीचे मीटिंगपुरते यायचे आणि जायचे. होबार्टचा कॉरिन मात्र दिवसभर असायचा, दुशांकाच्या डावीकडच्या टेबलाशी. दिसायला तो म्हणजे बाहुल्यासारखं गुळगुळीत डोकं आणि हवेत फिरणारे दोन हात. आवाज मात्र खराखुरा, त्याचाच.

"या व्हॉल्व्हला हे नाव कुणी दिलंय, बघ तरी."

"मी दिलंय."

"मग छान आहे."

होबार्टला पाऊस लागला की त्याच्या पत्र्यावरचा आवाज तिला ऐकू यायचा. तिच्याकडे वर्षवर्ष पाऊस नसे. कॉरिनला ते ठाऊक होतं. तो नुसतं "ऐक" म्हणायचा आणि गप्प बसायचा. मग दोघंही आपापलं काम करत राहायचे. हळूहळू तिला अशी सवय लागली, की जेवतानाही काही आठवलं तर मान डावीकडे वळायची. तिकडे नुसता लालसर दगड असायचा.

शरद ऋतूत एक दिवस कॉरिन म्हणाला, "डॉक्टरांनी हा हेडसेट बंद करायला सांगितलंय. मला गरगरतं. काल जिन्यातच बसून राहिलो."

"मग काम?"

"घरी दोन जुने मॉनिटर आहेत. आणि फोन आहेच की, दुशा."

फोन होता. पण फोनवर बोलायला काहीतरी कारण लागतं, शेजारी बसायला लागत नाही. सोमवारी तिने हेडसेट चढवला, तर डावीकडचं टेबलच नव्हतं. नुसती करडी जमीन. त्या आठवड्यात तिच्या नकाशात चुका झाल्या. संध्याकाळी ती सूप ढवळत बसलेली बघून राडोमिर म्हणाले, "जाऊन ये एकदा. माणूस खरा आहे ना, का त्या डबड्यातलाच?"

ती बसने अ‍ॅडलेडला गेली, तिथून विमानाने होबार्टला. धक्क्यावरच्या एका छोट्या हॉटेलात कॉरिन वाट पाहत होता. उंच, किंचित वाकलेला, डोळे थकलेले. हात मिळवावा की मिठी मारावी, हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी दोघं तसेच समोरासमोर बसले. स्कॅलप शिंपल्यांची पाई आली, निवत चालली, तरी बोलणं काही सुचेना.

"मला तुझ्याकडे बघून बोलायची सवय नाही," ती म्हणाली.

कॉरिन उठला, त्याने आपली खुर्ची उचलली आणि तिच्या डाव्या हाताला आणून ठेवली. मग दोघं समोरच्या बोटींकडे बघत दुपार सरेपर्यंत बोलत बसले. मध्येच त्याने तिच्या हातावर हात ठेवला. हे हात तिने रोज पाहिले होते, पण ते इतके ऊबदार असतील असं तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

"तिकडे येशील? राहायला?" तिने विचारलं.

"ओना निम्मा आठवडा या बापाकडे असते. तिच्या आईने तरी तिला एवढ्या लांब का पाठवावं? तू ये इकडे."

"ताता त्या टेकडीतून बाहेर यायचे नाहीत."

"माहीत आहे," तो म्हणाला. दोघांनाही आधीपासून सगळं माहीत होतं. फक्त एकदा तोंडाने म्हणायचं राहिलं होतं. निघताना तो म्हणाला, "हिवाळ्याच्या सुट्टीत ओनाला घेऊन येतो."

घरी आल्यावर तिने हे वडिलांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरामागचा दगड फोडायला घेतला.

"ताता, अजून त्याचं काही नक्की नाही."

"मी कुठे त्याच्यासाठी खणतोय? ओपल लागलं तर लागलं."

ओपल लागलं नाही, खोली मात्र झाली. त्या हिवाळ्यात ओना सायकलवरून पडली, तिचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि येणं राहिलं. त्यापुढच्या सुट्टीत तिची आई तिला ब्रिस्बेनला घेऊन गेली. राडोमिरनी तरीही दोन खाटा आणून टाकल्या, एक मोठी, एक लहान.

आता दुपारच्या सुट्टीत दुशांका हेडसेट उतरवते आणि त्या खोलीत जाऊन बसते. तिथे अजून नुकत्याच फोडलेल्या दगडाचा वास येतो. कधी कधी ती तिथूनच कॉरिनला फोन लावते.

"कुठे आहेस?" तो विचारतो.

"तुमच्या खोलीत," ती सांगते, आणि लहान खाटेवरची चादर नीट करते.