बारा पायऱ्यांची पट्टी

आधीच माफी मागून ठेवते. मी जिन्यावरची गालिच्याची पट्टी बोलतेय. मला हात नाहीत, म्हणून हे कागदावर उतरवतोय तो मला बसवणारा कारागीर. त्याची शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही रोजच्या वापरातलेच येतील; सांभाळून घ्या.

कारखान्यात विणली गेले तेव्हा आपल्याला अंतच नाही असं मला वाटायचं. मग गुंडाळी होऊन दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि तो तोरा उतरला. लोक यायचे, माझी लव बोटांनी उलटसुलट करायचे, छान आहे म्हणायचे आणि दुसरंच काही घेऊन जायचे.

एक दिवस मायलेकी आल्या. आईची नजर अधू झालेली. घरचा जिना लाकडी, गुळगुळीत. महिन्यापूर्वी ती त्यावरून घसरली होती. पुन्हा घसरलीस तर खाट खाली, कोठीशेजारच्या खोलीत, असं लेकीने बजावलं होतं. आईचा जीव मात्र वरच्या खोलीत अडकलेला. तिथे तिचं शिवणयंत्र होतं, आणि रस्त्यावरची खिडकी. कोण आलं, कोण गेलं, ते तिला नुसत्या पावलांच्या आवाजावरून कळायचं.

लेकीला फुलाफुलांचा नमुना आवडला. कारागीर शेजारीच उभा होता. फुलांत पायरीची कड हरवते, एकरंगी घ्या, असं तो मान खाली घालून पुटपुटला. आईने चपला काढल्या आणि जमिनीवर मांडलेल्या एकेका तुकड्यावर उभी राहिली. माझ्या एकरंगी तुकड्यावर आली आणि हललीच नाही.

"डोळ्यांना काय विचारतेस? जिना माझे पाय उतरणार आहेत," ती लेकीला म्हणाली.

मी तर फुशारलेच.

मग कारागीर माप घ्यायला घरी गेला. पायऱ्या तेरा. त्याने पायरीची रुंदी घेतली, उंची घेतली, बेरीज करून तेराने गुणलं. आई वरून त्याची चौकशी करत होती, घरी कोण असतं, लग्नाचं काय. तो लाजून कानापर्यंत लाल. त्या नादात एक गोष्ट राहिली. प्रत्येक पायरीची कड दोन बोटं पुढे आलेली होती. मला तिच्यावरून वळून, पुन्हा आत जाऊन मग खाली उतरावं लागणार होतं. ती दोन बोटं त्याने धरलीच नाहीत.

कळलं ते बसवताना. वरून खिळे ठोकत तो खाली आला आणि बाराव्या पायरीवर मी संपले. दोन-दोन बोटांनी मिळून आख्खी पायरी गिळली होती. त्याने मला ताणून पाहिलं. मी काय रबर आहे?

लेकीने विचारलं, शेवटची उघडी का? असंच ठेवतात, तो म्हणाला, फरशी पुसताना पट्टी भिजत नाही. तिला ते पटलं. मी मात्र धसकले. मऊ लागतंय तोवर जिना, गुळगुळीत लागलं की फरशी, असंच आईचे पाय समजणार होते.

संध्याकाळी ती उतरायला निघाली. कारागीर खाली हत्यारं आवरत होता. आधी टाच, मग तळवा, अशी ती माझ्यावरून येत होती. सातव्या पायरीवर भरवसा वाटून तिने कठडा सोडला. कारागिराने तोंड उघडलं; आवाज फुटला नाही. दहा. अकरा. बारा. पाय उघड्या लाकडावर पडला, तिला वाटलं फरशी आली. पुढचं पाऊल तिने सपाट टाकलं आणि ते हवेत गेलं.

त्याने धावत जाऊन तिला दंडाला धरलं, तरी गुडघा आपटलाच.

"पट्टी घालूनही तेच," लेक म्हणाली. "आता वाद नको आई. उद्या खाट खाली."

आई गुडघा चोळत राहिली. "माझेच पाय मला फसवायला लागले गं," एवढंच म्हणाली.

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. ज्याला तोंड होतं, तो पिशवी उचलून निघून गेला.

वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरचं म्हातारं माणूस अडखळलं, तर आधी पायरीकडे बघा, मग त्याच्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक वर गाद्या गुंडाळत असतानाच बेल वाजली. ती खाली आली. दारात कारागीर होता. रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नसावा.

"ताई, आजींचे पाय बरोबर होते," तो एका दमात म्हणाला. "माझं माप चुकलं. वर मी खोटंही बोललो. ही काढतो, पुऱ्या मापाची घालून देतो."

आपण निघणार हे ऐकून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? वरून आईचा आवाज आला, "गादी पसर गं परत."

तो चपला दाराबाहेर काढून वर गेला, सर्वांत वरच्या पायरीवर आईच्या पायांपाशी बसला आणि माझे खिळे उपसायला लागला.