धुक्यातली स्वारी

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या आमच्या होमगार्ड तुकडीने, म्हणजे गावच्या हौशी राखणदारांनी, जर्मनांच्या ताब्यातलं एक गाव जिंकलं. खरं म्हणजे असं काही घडलंच नाही.

विमानातून छत्रीने उतरलेला शत्रू वाट चुकावा म्हणून रस्त्यांवरच्या पाट्या आम्हीच उपटल्या होत्या. मग धुक्यात आम्हीच चुकलो, आणि समोर आलेलं गाव जर्मनांनी घेतलेलं समजून त्यात शिरलो. एका परसात कुणीतरी हललं, तशी तुकडीतल्या एबटकाकांनी आमची एकुलती बंदूक रोखली. त्यांचं बोट चापावर होतं.

"आधी बूट पुसा! आत्ताच फरशी धुतलीय."

"विनी?" समोर आपलीच बायको आणि आपलंच परस पाहून काकांनी बंदूक खाली केली. "अगं, गोळी घातली असती मी तुला!"

"तुम्ही? लग्नापासून एक कोंबडी मारता आली नाही तुम्हाला."

आम्ही सगळे पोट धरून हसलो, आणि चहा प्यायलो.

युद्धखात्यास नम्र विनंती: शत्रूने धुक्यात येऊ नये, असा हुकूम त्यास बजावावा.