मागाच्या खड्ड्यातून बोललेला कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. आजकालचे कीबोर्ड पापडासारखे पातळ आणि मुके असतात. मी पाटासारखा जाड आणि भलता बोलका. माझ्या बटणांवर बोटं पडली की वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचे बगळे उडत. खोटं वाटत असेल तर बगळ्यांना विचारा.

माझा जन्म परमुलखातल्या एका कारखान्यात झाला. तिथून नागपूरच्या एका कचेरीत आलो. तिथे माझ्यावर अर्ज लिहिले गेले, चहा सांडला आणि एक दिवस मी भंगारात निघालो. भंगारवाल्याकडून मला उचललं दामिनीनं. पवनीच्या विणकर नंदलालची ही लेक. घरी येताच तिनं माझं एकेक बटण काढलं, मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याची धूळ झाडायच्या ब्रशनं मला झाडलं आणि ओल्या फडक्यानं पुसलं. तिच्या बापानं विचारलं, हे डबडं कायले आणलं? ती म्हणाली, याचा आवाज आपल्या मागासारखा हाये.

मागाच्या खोलीतच एका कोपऱ्यात तिचा संगणक होता. संध्याकाळी स्वतःचं विणकाम उरकलं की ती माझ्यापुढे बसे आणि किल्ल्यावर हल्ला करायचा खेळ खेळे. कुठकुठली मुलं त्यात एकत्र येऊन गट करत. ढाल घेऊन पुढे जाणारा एक, तिरंदाज काही, आणि मागे राहून जखमींची मलमपट्टी करणारा एक.

आरंभी दामिनी स्वतःच्या नावानं खेळली. काय सांगू मित्रांनो! मुलांनी तिला लगेच मलमपट्टीला बसवलं. एकानं फोटो मागितला. एकानं तर पहिला डाव संपायच्या आत लग्नाचं विचारलं. आणि हट्टानं पुढे जाऊन तिनं किल्ल्याचा दरवाजा फोडला, तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं की आता हिचा भाऊ खेळत असणार.

दामिनीला भाऊच नव्हता. तिनं नाव बदललं आणि आपल्या वारलेल्या आजोबांचं घेतलं. मारोतराव. घसा कायमचा बसला आहे म्हणून लिहून बोलतो, असंही ठोकून दिलं. त्या दिवसापासून सगळे तिला 'काका' म्हणू लागले, पुढे चालायला तिलाच सांगू लागले. मारोतरावांना हयातीत घरात कोणी पाणीही विचारून देत नसे. मेल्यावर ते सेनापती झाले.

तिच्या माइकचं बटण मात्र बिघडलेलं होतं, माइक बंदच होत नसे. म्हणून ती तोंड घट्ट मिटून खेळे. तरी मागे नंदलालच्या मागाची खटखट आणि माझं मोठं लांब बटण दाबल्यावर निघणारं 'चिर्र-टक' सगळ्या गटाला ऐकू जाई. ते चिर्र माझं एकट्याचं. अख्ख्या जगात दुसऱ्या कीबोर्डाकडे ते नाही.

त्या गटात तुमसरचा संजीव होता. बाजारात त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. या मुलाचा मारोतरावकाकांवर मोठा जीव. कविताही त्यांनाच वाचायला पाठवी, पडसं झालं तरी त्यांनाच कळवी. दामिनीला तो आवडू लागला होता. हे मला कळलं, कारण त्याला उत्तर लिहिताना तिची बोटं हलकी पडत. पण तिच्या मनातलं त्याचं चित्रही काही गोमटं नव्हतं. असली खेळवेडी पोरं म्हणजे खोलीत कोंडलेली, घामट, पोरगी दिसली की तोतरी होणारी, अशी तिची पक्की समजूत.

एकदा त्यानं लिहिलं, "काका, मले गेम खेळणारी बायको पायजे."

दामिनीची बोटं थबकली. पुढची ओळ आली. "म्हणजे मी खेळताना शेजारी बसणारी. मांजरीच्या कानाचा गुलाबी हेडफोन घालणारी. हारली तरी गोड हासणारी. तुमच्यासारखी नको. घरात दोन मारोतराव झाले तर सैपाक कोण करन?"

तिनं मला असा ठोसा हाणला की डावीकडच्या कोपऱ्यातलं बटण उडून पाण्याच्या माठात पडलं. ते पुन्हा सापडलं नाही. घरातल्या कोणाच्या तरी पोटात असावं. मग तिनं विचारलं, तुला काय काय रांधता येतं? कुकर लावता येतो, असं उत्तर आलं.

काही दिवसांनी त्यानंच कळवलं की रविवारी तो पवनीला विणकराची मुलगी पाहायला चालला आहे. मुलगी साधी आहे, तिला रांगोळीची आवड आहे. दामिनीनं ते वाचून संगणकच बंद केला. ती रांगोळीवाली तीच होती. तिच्या आईनं, सुंदरबाईनं, मध्यस्थाला तसं सांगून ठेवलं होतं.

आता करावं काय? खरं सांगितलं तर मुलगा शरमेनं पळेल. नाही सांगितलं तर जन्मभर शेजारी बसून गोड हसायचं. आणि माझं काय? सुंदरबाईनं तर बजावलंच होतं की हे डबडं सासरी जाणार नाही.

रविवारी सकाळी, पाहुण्यांना खेळाचा पत्ता लागू नये म्हणून, सुंदरबाईनं संगणकावर चादर टाकली आणि मला जुन्या धोतरात गुंडाळून मागाच्या खड्ड्यात टाकलं. विणणारा ज्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो, तो खड्डा. पाहुणे कपाटं उघडतात, खड्ड्यात कोण वाकून पाहतं? पण गडबडीत ती माउली एक गोष्ट विसरली. विणकरांच्या घरी मुलगी पाहायला येणारे तिची रांगोळी पाहत नाहीत.

तर्रीपोहे झाले. संजीवची आई गोदावरीबाई हात पुसत म्हणाली, "चाल बाई, बस मागावर. चार बोटं विणून दाखव."

सुंदरबाई मटकन खालीच बसली.

दामिनी मागावर आली, पाय खाली सोडले आणि तिला मी लागलो. तिचा चेहरा मला दिसला नाही, पण पाय ओळखीचे होते. तिनं धोटा फेकला, पावडी दाबली आणि ती माझ्या लांब बटणावर आली. खट. चिर्र-टक. खट. चिर्र-टक.

संजीव उठून उभा राहिला. "मारोतरावकाका?"

नंदलाल गोंधळला. "ते आमचे बाबा. तुम्ही कसे ओळखता? ते तर वारले ना, पाव्हणे. तो पाहा फोटो."

संजीवनं भिंतीवरचा हार घातलेला फोटो पाहिला आणि तो कोऱ्या सुतासारखा पांढरा पडला. आदल्याच संध्याकाळी त्यानं त्यांना विचारलं होतं की उद्या शर्ट कोणता घालू. गोदावरीबाईनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"आजोबाले कायले भेता?" दामिनी म्हणाली. "मीच आहो मारोतराव."

आणि तिनं मला सगळ्यांसमोर खड्ड्यातून वर काढलं. सुंदरबाईनं पदर तोंडावर घेतला.

संजीवनं माझं लांब बटण दाबून पाहिलं. "म्हणजे तो दरवाजा तुम्ही फोडला?"

"हो."

"अन् मी जे सैपाकाचं लिहिलं होतं..."

"वाचलं. मांजरीचे कानही वाचले. मी मागं बसून मलमपट्टी करणार नाही, अन् लपूनही खेळणार नाही. पटत असन तर चहा घ्या. नसन पटत तरी चहा घ्या, उन्हाचे आले आहा."

संजीवनं मुलीसाठी भेट आणलेलं गुलाबी खोकं हळूच पायानं खुर्चीखाली ढकललं. मग कान लाल करून म्हणाला, "मलमपट्टी मी करतो. तसाही मी पुढं गेलो का मरतोच."

गोदावरीबाई मात्र कापडच पाहत होती. पाय असल्या डबड्यावर अन् काठ इतका सरळ, असं ती पुटपुटली. आणि भाजी करायला मुलाला तीच शिकवेल, हेही तिनं तिथेच सांगून टाकलं. दामिनी इतक्या मोठ्यानं हसली की माझी सगळी बटणं सैल पडली. मित्रांनो, त्या हसण्यासाठी मी खड्ड्यात शंभर वेळा गेलो असतो.

लग्न झालं आणि आता मीही तुमसरला असतो. दामिनी पुढे लढते, आणि शेजारी मांजरीच्या कानांचा गुलाबी हेडफोन घालून संजीव बसतो. घाबरू नका, त्याला तो शोभतो. आत कुकरची शिट्टी झाली की तोच उठतो.

मुलांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर त्याला आठवड्याला ब्रशनं झाडा, त्याच्यावर तर्री सांडू नका, आणि पाहुणे येणार म्हणून कोणाला खड्ड्यात लपवू नका. वस्तूला नको आणि मुलीलाही नको. परवा संजीव तेलाची बाटली घेऊन माझं चिर्र घालवायला बसला होता. दामिनीनं बाटली त्याच्या हातातून काढून घेतली, आणि तेल त्याच्या डोक्याला चोपडलं.