सणाच्या सकाळी मंगळवारचा खण

मी एक जुनी डबी आहे, मित्रांनो. सात खणांची, गोळ्यांची. जन्म चीनमधल्या कारखान्यातला, संसार अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीतला. माझी मालकीण फांगआजीही मूळची चीनचीच. जवळच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात मुलाच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून बसून ती मोडकंतोडकं हिंदी शिकली.

तिची सून दर रविवारी माझे खण भरते. बीपीची गोळी, रोज एक. पहिली दोन वर्षं माझा काय मान होता! डॉक्टरीणबाईंनीसुद्धा मला हातात घेऊन शाबासकी दिली. मग बीपीचा आकडा नीट आला आणि आजीला वाटलं, झाले बरी. चक्कर आली तरच ती मला उघडायची. उरलेल्या गोळ्या गुपचूप कुंडीत. मी आपली चहाच्या डब्याआड धूळ खात पडलेली.

गेल्या वर्षी सणाच्या मोमोंत सारण भरता भरता तिचा उजवा हात लुळा पडला. तासाभरात हातात बळ परत आलं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी येईलच असं नाही."

यंदा चिनी नववर्षाच्या सकाळी शेजारच्या कुमुदताई रव्याचे लाडू घेऊन आल्या. मी आता पुन्हा टेबलावर, पण मंगळवारचा खण तसाच भरलेला.

"आज नाही, दीदी," आजी म्हणाली. "पहिल्या दिवशी औषध घेतलं, तर वर्षभर आजारी."

"अगं, दुखणं काय कॅलेंडर बघून येतं? हात लुळा पडला होता तो विसरलीस?"

आजीने लाडू पुढे केला. "तू खा."

"मला आज मंगळवारचा उपवास."

"मग तुझी बीपीची गोळी?"

कुमुदताईंसारखी फटकळ बाई, पण पदराचं टोक चाचपत राहिली. "उपवासाला... नाही घेत मी."

आजी हसली नाही. कुमुदताईंकडे बघत तिने मंगळवारच्या खणावर बोट टेकवलं.

"बघतेस काय अशी? खलास, पुरे, कळलं मला!" कुमुदताईंनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "यल्ला, चल, तू घे, मी घेते. पाप लागलं तर दोघींना लागेल."

आजीने माझं झाकण उघडलं. दोघी एकदमच गोळी गिळून पाणी प्यायल्या.

मित्रांनो, डबी भरली म्हणजे तुमचं काम संपलं नाही. "घेतली का?" असं लांबून ओरडू नका. पाण्याचा पेला हातात द्या आणि गोळी गिळेपर्यंत समोर बसा. म्हातारं माणूस चिडेल. चिडू दे. घरात चिडणारं माणूस असावंच.