चार बोटं उंच खांब

बुखाऱ्यात उबैदुल्लाखानाची सत्ता होती तेव्हाची गोष्ट. गल्लीतल्या मशिदीच्या ओसरीचा चौथा लाकडी खांब आज उभा राहायचा होता आणि बारोत सकाळपासून त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. बारोत पन्नाशीचा, नातवंडांचा धनी, पण अजून शागीर्दच. गुरूनं स्वतःच्या हातानं कमरपट्टा बांधल्याशिवाय सुतार उस्ता, म्हणजे स्वतंत्र कारागीर, होत नाही, आणि त्याचे गुरू उस्ता मीरसैद यांना तीस वर्षांत तेवढी सवड मिळाली नव्हती. काल मात्र ते म्हणाले होते, "हा खांब नीट बसला तर बांधीन."

खांब उभा राहिला, पण वरची तुळई त्या टोकाला चार बोटं उंच राहिली.

"माप घेताना डुलक्या काढत होतास काय?" उस्ता कडाडले. "खालून काप."

खालच्या अंगालाच बारोतनं सहा महिने खपून वेलबुट्टी कोरली होती. उस्तांपुढे तो कधी ब्र काढत नसे. आज त्यानं काढला.

"नाही कापणार, उस्ता. याच्या पायथ्याखाली बोरूच्या काड्यांचा थर ताजा आहे. तुमच्या तीन खांबांखालचा दोन वर्षांत दबलाय. आज कापून बरोबर बसवला, तर पुढच्या साली हाही दबेल आणि ओसरी कलंडेल."

"आणि नाही दबला तर?"

"तर मीच कापतो. आधी भार तर घालू द्या."

मग काय, अख्खी गल्ली शिडी लावून तुळईवर! खाली बोरू कडकडू लागले. एक बोट, दोन बोटं, तीन. तिथं गाडं अडलं. शेवटी लठ्ठ हलवाई आशूरला वर ढकललं.

"मी पडलो तर?" तो विव्हळला.

"हळूच पड, मशीद नवी आहे," खालून कुणीतरी म्हणालं.

आशूर टेकला आणि चौथं बोटही बसलं. उस्तांनी चारही खांबांच्या माथ्यालगत दोरी ताणली. दोरी सरळ होती.

उस्तांनी आपलाच पट्टा सोडून बारोतच्या कमरेला घातला. त्यांच्या म्हाताऱ्या हातांतून गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती. बारोतनं ती एका हातानं मारली असती. पण तो हात खाली सोडून उभा राहिला.

"इतकी वर्षं का लावलीत, उस्ता?"

"पट्टा मिळाला की शागीर्द वेगळं दुकान थाटतो," उस्ता मान खाली घालून म्हणाले. "मग मी एकटा पडलो असतो रे."

तुळईवर सगळे अजून बसूनच होते. गाठ बसेपर्यंत कुणीही खाली उतरलं नाही.