चार खिळ्यांची गोधडी

मी एस्तेरची गोधडी बोलतेय. माझ्या चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं आहेत, म्हणून बोलणं जरा फाटकं वाटेल. वाटू दे. गोड बोलायची माझी इच्छाही नाही.

मला कोंडाणे गावात एस्तेरच्या आजीने, म्हणजे तिची आई रुचिता हिच्या आईने शिवलं. वरून आजीचं जुनं लुगडं, आत रुचिताचा सातवीतला शाळेचा झगा. एस्तेर जन्मली आणि मी तिची झाले. लोधिवलीच्या दोन खोल्यांत तिचा बाप रूपेश आम्हा दोघींना मांडीवर घ्यायचा आणि गुणगुणायचा, "तू उशाशी बस, देवा." गाणं त्याचंच. येशूची गाणी गाणाऱ्या त्याच्या 'नवा करार' बँडच्या पहिल्या अल्बममधलं, पेटी-ढोलकीवरचं. दोन ओळींत पोर झोपायची.

मग बंद पडलेला बँड परत उठला. नवा अल्बम काढायचा, तोही आजच्या पोरांना आवडेल असा. ढोलकी माळ्यावर गेली. पुढच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार आली, ड्रम आला आणि तो बडवणारा साईराज आला. मला बघून म्हणाला, "ही ठोक भिंतीला. आवाज बाहेर नाय जायचा."

"अरं, ती पोरीची हाय," रुचिता म्हणाली.

"वैनी, देवाच्या कामाला दिली समजा."

देवाचं नाव घेतलं की माणसाला कुणाचंही पांघरूण ओढता येतं, हे मला तेव्हा कळलं.

ते काय वाजवायचे! माझ्यातली धूळ उडायची. रूपेश घसा खरवडून ओरडायचा. पहिल्यांदा मला वाटलं, याला ठसका लागला.

"हे हेवी हाय," तो म्हणाला.

"हेवी म्हंजे काय रं?" रुचिताने विचारलं.

"जड."

"मग पोरीच्या कानाला जड झालंय. झोपेत दचकते ती. कानाला काय झालं म्हंजे?"

"दार लावलंय ना? गोधडी हाय ना भिंतीला? तुला सगळ्याचीच भीती गं."

म्हणजे माझ्यावर ढकललं! अरे, मी थंडी अडवते. पलीकडे एस्तेर रडायची, ते माझ्यातून आरपार यायचं.

अल्बम तयार झाला आणि याच खोलीत वाजला. पहिलंच गाणं, "तू उशाशी बस". आधी गिटार कोसळली. मग सगळं एकदम थांबलं आणि त्या शांततेत एक लेकरू रडलं.

"इफेक्ट कसला भारी आलाय!" साईराज म्हणाला. "माइकमध्ये आपोआप आला, आमी ठेवला."

रुचिता पांढरी पडली. "इफेक्ट? माझी पोरगी हाय ती."

"लोकांना रडू येईल गं हे ऐकून," रूपेश म्हणाला.

"आन् जी रडली तिचं काय?"

तिने मला खसकन ओढलं. खिळे भिंतीतच राहिले.

संध्याकाळी रूपेशने आम्हाला पूर्वीसारखं मांडीवर घेतलं आणि हळूच सुरू केलं, "तू उशाशी..." एस्तेर दचकली, माझ्यात तोंड खुपसून किंचाळली. तो पुढचा शब्द गाऊ शकला नाही.

आता तिला रुचिता नुसती थोपटते, गाण्याशिवाय. अल्बम जोरात चाललाय म्हणे. भिंतीवर साईराजने आणलेली चादर आहे.

रूपेश, जो उशाशी बसतो त्याला ओरडून बोलवावं लागत नाही. आणि खिळा घेऊन परत माझ्याकडे येऊ नकोस.