यकृताला पुरं झालं हे कसं समजतं

मोनानं ती गोष्ट बाबांसमोर बोलायलाच नको होती. पण नवं काही वाचलं की तिच्या पोटात राहत नाही. बाबांचं, म्हणजे देवाजींचं, यकृत निकामी होत आलं होतं. मोना आपल्या यकृताचा तुकडा देणार होती, तपासण्याही जुळल्या होत्या. अन् एकदा माहेरी जेवताना ती रंगात येऊन सांगून बसली, की यकृत कापलं की उरलेल्या भागात जे जीन घटकाभरात जागे होतात, त्यांतलेच काही कॅन्सरच्या गाठीतही भडकलेले सापडतात.

देवाजींचा हात ताटातच थांबला. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, पोरीचा तुकडा नको, तिलाच गाठ झाली तर?

प्लांटमध्ये तीस वर्षं त्यांनी क्रेन दुरुस्त केल्या. वर चढण्याआधी प्रत्येक फिटर खालच्या स्विचला आपापलं कुलूप घालतो, किल्ली स्वतःच्या खिशात, म्हणजे तो वर असताना कोणी क्रेन चालू करू नये. असा माणूस नुसत्या 'काही होत नाही'वर कसा ऐकणार? त्यांनी मोनाला एवढंच विचारलं, "चालू कोन करते ते तू सांगतलं. बंद कोन करते?"

झूलॉजीत एमएससी केलेल्या मोनाला ते सांगता येईना. आई सिंधुताईंनी तिला स्वयंपाकघरात ओढून बजावलं, की डॉक्टर म्हणतात धोकाच नाही, असं ठोकून दे. ते मोनाला जमलं नाही. तीन दुपारी, आपल्या घरी, लहानग्या लेकीला, उर्वीला, निजवून, ती फोनवर वाचत बसली. मधेच उर्वी उठायची, मांडीवर चढायची आणि पडद्यावरच्या लालभडक पेशींना टमाटर म्हणून हाका मारायची.

चौथ्या दिवशी ती रिसालीच्या आपल्या घरून पुन्हा बाबांकडे गेली. जीन वाईट नसतात, वाढवणं हे त्यांचं कामच, असं तिनं सांगितलं. यकृतात ते उसळतात नि काही दिवसांत निवतात. काही आठवड्यांत यकृत जवळजवळ पहिल्याएवढं होतं आणि वाढ थांबते. गाठीत मात्र बिघाड असतो, थांबायचा निरोप तिथं कोणी ऐकत नाही. ऑपरेशनचा धोका वेगळा, तोही तिनं लपवला नाही.

"पन यकृताले कसं समजते, पुरं झालं म्हनून?"

"ते अजून पूर्ण कोनालेच माहीत नाही, बाबा. शोधून राहिले."

देवाजींनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तुही माय काल सांगत होती, का डाक्टर म्हनते धोकाच नाही. तवाच मले वाटलं, हे लोक लपवून राहिले. तू नाही लपवलं."

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. सिंधुताई दाराआडच होत्या.

"मले देशीन तो तुकडा बी वाढन?"

"वाढन. दोघांचाबी."

"एकाच वेळी? दोन शरीरात?" देवाजी पुढं सरकले. त्यांच्या पिवळ्या पडलेल्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक होती. "मंग यकृत किती वाढलं त्याचं माप घेतील तवा आधी तुयं मले दाखवजो. माह्यं नंतर."

मोनानं मान हलवली. त्यांनी चष्मा लावला, फोन तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "लाव रायपूरच्या दवाखान्यात. ऑपरेशनची तारीख इचार."